जुना स्टँड आधी हातात मागून घ्या

माझ्याकडे वडिलांनी १९८६ साली घेतलेली ३५० सीसीची बुलेट आहे. बिडाचे इंजिन, उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक आणि दोन्ही चाके १९ इंचांची, अशी ती जुन्या घडणीची गाडी असून वडील गेल्यानंतर मी तिच्यात काहीही बदल करायचा नाही असे ठरवले होते. परंतु पाठीच्या दुखण्यामुळे सांगलीहून नरसोबाच्या वाडीपर्यंत जाणेही नकोसे होऊ लागले, तेव्हा मागचे शॉकअप, म्हणजे धक्के शोषणारे स्प्रिंगचे दांडे, बदलून गॅसचे बसवावेत असा सल्ला दोघातिघांनी दिला आणि मी ते बाहेरून मागवले. मूळ कंपनीचे नसलेले हे शॉकअप दोन बोल्टांच्या छिद्रांमधील अंतर मोजले असता जुन्यांपेक्षा २५ मिलिमीटरने लांब होते. पुढच्या साऱ्या प्रकरणाचे मूळ या २५ मिलिमीटरमध्ये आहे.

शहरातील ज्या गॅरेजमध्ये मी गाडी दिली त्याचे नाव येथे लिहीत नाही, कारण तक्रार अद्याप मिटलेली नाही. शॉकअप बसवण्याची मजुरी ६०० रुपये ठरली आणि संध्याकाळी गाडी घेऊन जा, असे मिस्त्रींनी सांगितले. संध्याकाळी मात्र फोन आला: “साहेब, तुमचा साईड स्टँड ह्या शॉकअपला बसतच न्हाय बघा. गाडी उचलली गेलीय, आता ती लई कलती उभी राहणार. शिवाय लेगगार्डच्या पट्टीला स्प्रिंग घासतीय.” मी गेलो तेव्हा गाडी डबल स्टँडवर होती, साईड स्टँड काढलेला होता, लेगगार्ड सुटा करून भिंतीला टेकवला होता आणि जुने शॉकअप कुठे ठेवले आहेत हे पोराला विचारावे लागत होते. अशा अवस्थेत गाडी ढकलत दुसरीकडे नेणे शक्य नसते आणि गॅरेजवाल्यालाही ते पक्के ठाऊक असते. त्यांनी जुन्याच्या जागी ईएन-८ स्टीलचा, लेथवर घडवलेला आणि हार्डनिंग केलेला, म्हणजे तापवून टणक केलेला, लांब स्टँड ४,८०० रुपयांत सुचवला. मी होकार दिला. पैसे फोनवरून भरताना समोर गॅरेजचे नाव न येता एका व्यक्तीचे नाव आले. “भाच्याचं खातं हाय,” असे उत्तर मिळाले. पावती म्हणून एका कंपनीच्या जाहिरातीच्या चिठ्ठीमागे दोन आकडे लिहून मिळाले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण माझ्यासारखे अनेक जण नेमके इथेच फसतात. मिस्त्रींचे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते. शॉकअप लांब झाले की गाडीचा मागचा भाग उचलला जातो, स्टँड आखूड पडतो आणि गाडी डावीकडे जास्त कलते. प्रश्न किती आखूड पडतो, एवढाच असतो. साईड स्टँड दोन्ही चाकांच्या साधारण मधोमध असल्यामुळे मागे २५ मिलिमीटर उंची वाढली तर स्टँडच्या जागी ती निम्मी, म्हणजे बारा-तेरा मिलिमीटरच वाढते. स्टँड तिरका टेकत असल्याने त्यात थोडी भर घालून पंधरा मिलिमीटर धरले तरी पुरे. एवढ्यासाठी जुन्याच स्टँडच्या तळाला तेवढ्या जाडीची पट्टी वेल्डिंग करून घेतली असती तर शे-दोनशे रुपयांत काम झाले असते. हे गणित मी नंतर वहीत मांडले. गॅरेजमध्ये उभा असताना मांडले असते, तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.

गाडी घरी आणली तेव्हा ती स्टँडवर जवळजवळ सरळ उभी राहत होती. मला ते रुबाबदार वाटले, हे कबूल करतो. चौथ्या दिवशी विश्रामबागेत रस्त्याच्या उजव्या कडेला, जिथे उतार गटाराकडे जातो, तिथे मी ती लावली आणि शेजारची स्कूटर काढताना तिच्या आरशाचा नुसता धक्का लागला, तोच बुलेट उजवीकडे आडवी झाली. गिअरचा दांडा वाकला आणि पुढच्या ब्रेकची मूठ तुटली. गाडी थोडी कलती उभी राहण्यात तिची सुरक्षितता असते, हे त्या दिवशी कळले. स्टँड गरजेपेक्षा लांब असेल तर गाडीचे वजन त्याच्यावर पडतच नाही आणि ती दोन्हीकडे पडायला मोकळी राहते. मी तक्रार घेऊन गेलो तर उतारावर डबल स्टँड लावायचा असतो एवढेही कळत नाही का, असा सूर लागला; स्टँड जिथे बोल्टने बसतो ती पट्टी गॅसने तापवून वाकवण्यात आली आणि त्याचे आणखी ७०० रुपये घेण्यात आले.

त्यानंतर जे घडले ते अधिक भीतीदायक होते. आयर्विन पूल ओलांडून डाव्या वळणावर गाडी कलती करताच खालून लोखंड डांबरावर घासल्याचा आवाज आला. स्टँड आपोआप खाली आला होता. आजच्या अनेक मोटारसायकलींना स्टँड खाली असेल तर इंजिन बंद करणारा स्विच असतो; जुन्या बुलेटला तो नाही, त्यामुळे तिथे सारी भिस्त स्प्रिंगवर. माझ्या मूळ स्टँडला एकात एक अशा दोन स्प्रिंगा होत्या. नव्याला एकच होती आणि तीही इतकी ढिली की हाताच्या बोटाने ओढली जात होती.

दुसऱ्या दिवशी मी कुपवाड एमआयडीसीत जॉबवर्क करणाऱ्या एका वयस्कर लेथवाल्यांकडे गेलो. त्यांना सगळे आण्णा म्हणतात. त्यांनी स्टँड सोडवून वाईसमध्ये पकडला, काही न बोलता कानस घेतली आणि मधल्या भागावर चारपाच वेळा फिरवली. आधी काळा रंग गेला, मग करडी पुटी निघाली. पुटी संपल्यावर दोन तुकड्यांमधली फट दिसू लागली, तिच्यात नख सहज जात होते. पूर्ण गोलाईत वेल्डिंग नव्हतेच. समोरासमोर दोन टाके मारून उरलेली फट पुटीने भरली होती. आण्णांनी तिथेच हॅक्सॉ चालवला तेव्हा आतून तांबूस गंजाची भुकटी बाकावर सांडली. खालचा भाग भरीव सळईचा नसून पोकळ पाईप होता, तर वरचा भाग कुठल्यातरी दुसऱ्याच गाडीचा होता. बुलेटच्या बोल्टसाठी त्याचे छिद्र गॅसने मोठे केलेले असल्याने ते गोल राहिले नव्हते, आणि स्टँड हलका डुगडुगत होता तो त्यामुळेच.

“ईएन-८ म्हणाले व्हय?” आण्णांनी विचारले. मग त्यांनी जे समजावले ते नोंदवण्यासारखे आहे. ईएन-८ हे मध्यम कार्बनचे स्टील असून त्यात कार्बन साधारण ०.४ टक्के असतो. ते टणक करता येते हे खरे, पण आधी तापवून न घेता त्याला वेल्डिंग केले तर टाक्याच्या शेजारी तडा जाण्याची भीती असते. म्हणजे जो माणूस ईएन-८ हार्डनिंग केलेला आहे असे सांगतो आणि त्याच दमात कापून जोडून देतो असेही सांगतो, त्याला यातले एक तरी कळत नसते किंवा आपल्याला काही कळत नाही असे तो धरून चाललेला असतो. साईड स्टँडला साध्या एमएसची, म्हणजे कमी कार्बनच्या मऊ स्टीलची, भरीव सळई पुरते. आण्णांनी तसा स्टँड घडवून, वाकलेली पट्टी सरळ करून, बोल्टभोवतीची नळी म्हणजे बुश आणि दोन स्प्रिंगा बसवून ९५० रुपये घेतले, पावतीसह.

खरी फसवणूक याहून वेगळी होती, आणि ती माझ्या ध्यानात उशिरा आली. मी गॅरेजमध्ये परत जाऊन माझा मूळ स्टँड मागितला. जुन्या बुलेटचे अस्सल सुटे भाग आता मिळेनासे झाले आहेत आणि त्यांना हौशी लोक चांगली किंमत देतात, ही गोष्ट मला माहीत होती, पण माझ्या स्टँडलाही ती लागू आहे असे कधी मनात आले नव्हते. मिस्त्रींनी पोत्यातून गंजलेला एक स्टँड काढून पुढे केला. तो माझा नव्हता. आमच्या अंगणात काळी माती आहे, पावसाळ्यात स्टँड रुतून गाडी पडायची, म्हणून वडिलांनी त्याच्या तळाला तीन इंचांची लोखंडी चकती जोडून घेतली होती. पुढे केलेल्या स्टँडला चकती नव्हती, ती काढल्याचा डागही नव्हता. हे दाखवल्यावर आवाज चढला. तक्रार करायची तर खुशाल करा, आरटीओवाल्यांनी गाडी पाहिली तर प्रत्येक बदलाला पाच हजार दंड करतील, असे मला ऐकवण्यात आले.

ही धमकी अर्धवट माहितीवर उभी असते, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा असाच कडक अर्थ लावला आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगीबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपयांच्या दंडाची तरतूद झाली, हे सारे खरे आहे. परंतु नोंदणी प्रमाणपत्रात साईड स्टँडचा उल्लेखही नसतो, आणि गॅरेजने निकृष्ट वस्तू उत्तम म्हणून विकली व ग्राहकाची वस्तू ठेवून घेतली, हा ग्राहकाच्या तक्रारीचा विषय आहे. परिवहन कार्यालयाचा त्याच्याशी संबंध येत नाही. ही भीती घालून गप्प बसवलेले आणखी दोन बुलेटवाले मला या महिनाभरात भेटले.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये बिल किंवा पावती न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरवलेली आहे, त्यामुळे माझ्याकडे पक्के बिल नसणे ही माझी कमजोरी न राहता त्यांच्याविरुद्धचा मुद्दा झाला. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्यास दोन वर्षांची मुदत असते आणि व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असल्यास शुल्क लागत नाही. मी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर नोंद केली, नंतर रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. सोबत भाच्याच्या खात्यात जमा झालेल्या रकमेचा पुरावा, कापलेल्या स्टँडचे दोन्ही तुकडे मोजपट्टीशेजारी ठेवून काढलेली छायाचित्रे आणि आण्णांची सही असलेली पावती जोडली. कापलेले तुकडे मी अद्याप जपून ठेवले आहेत. रागाच्या भरात ते भंगारात टाकणार होतो, आण्णांनी अडवले.

नोटीस पोहोचल्यावर आठवड्याने ३,००० रुपये परत आले, तेही त्याच भाच्याच्या खात्यातून. उरलेल्या रकमेसाठी आणि स्टँडसाठी तक्रार आयोगाकडे दाखल करत आहे. स्टँड दुसऱ्या कोणाला बसवला गेला असावा असा माझा अंदाज आहे आणि ज्याने तो विकत घेतला त्याची काही चूक नाही. सांगली, मिरज किंवा कुपवाडमध्ये कोणास जुन्या बुलेटचा अस्सल स्टँड विकत दिला जात असेल, तर कृपया त्याचा तळ उलटा करून पाहावा. चकतीला तीनच टाके आहेत आणि काठावर वडिलांनी छिन्नीने पाडलेली आडवी खूण आहे.