सफरचंदाच्या जातीवरून निवडलेली सायडर: हेरफर्ड, सॉमरसेट, नॉर्मंडी आणि आस्तुरियास

इंग्लंडमध्ये येणाऱ्या मराठी माणसाची सायडरशी, म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेल्या मद्याशी, पहिली ओळख बहुतेक वेळा पबमध्ये, बर्फाने काठोकाठ भरलेल्या मोठ्या ग्लासातून होते. त्या ग्लासावरून ‘हा तर दारू घातलेला सफरचंदाचा सोडा’ असे मत झाले, तर त्याचा दोष पिणाऱ्याकडे जात नाही. ब्रिटिश अबकारी नियमांप्रमाणे सफरचंदाचा किंवा पेअरचा रस निदान ३५ टक्के असला की ते पेय सायडर म्हणून विकता येते. बाकीचा भाग पाणी आणि साखर यांनी भरून काढता येतो, आणि तो रसही ताज्या फळांचाच असला पाहिजे असे बंधन नाही, आटवून साठवलेला रसही चालतो. अशा पेयाला बर्फाची गरज असते, कारण थंडाव्याने जीभ बधिर झाली की त्यात काय कमी आहे ते जाणवत नाही. पूर्ण रसाची, योग्य जातीच्या सफरचंदांची आणि हिवाळाभर सावकाश आंबवलेली सायडर मात्र चांगल्या वाइनइतक्याच लक्षपूर्वक प्यावी, असे माझे ठाम मत आहे. ब्रिस्टलमध्ये राहत असल्यामुळे सॉमरसेटच्या बागा मला जवळ आहेत आणि हेरफर्डशायरही फार लांब नाही. तिथल्या आणि इंग्लंडबाहेरच्या ज्या बाटल्या मला मोलाच्या वाटल्या, त्यांच्याविषयी इथे लिहितो.

आधी फळाविषयी सांगायला हवे, कारण सायडरची निम्मी गुणवत्ता तिथेच ठरते. सायडरसाठी लावलेली बरीचशी सफरचंदे हातात घेऊन खाण्याजोगी नसतात. ती आकाराने लहान आणि गराने चिवट असतात, आणि चावा घेताच तोंड आवळून येईल इतकी तुरट लागतात. ब्रिस्टलजवळच्या लाँग अॅश्टन येथे १९०३ साली सायडरच्या संशोधनासाठी संस्था स्थापन झाली. तिथले बी. टी. पी. बार्कर यांनी रसातील आम्ल आणि टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारा घटक, मोजून या सफरचंदांचे चार वर्ग पाडले: आंबट, तुरट-आंबट, गोड आणि तुरट-गोड. रसात आम्ल ०.४५ टक्क्यांहून अधिक असेल तर फळ आंबट वर्गात जाते, आणि टॅनिन ०.२ टक्क्यांहून अधिक असेल तर तुरट वर्गात. ती संस्था २००३ साली बंद झाली, पण सायडर करणारे लोक आजही याच चार वर्गांच्या भाषेत बोलतात. बाटलीवर जातीचे नाव छापलेले असेल तर आत काय असणार याचा अंदाज ग्राहकालाही या वर्गांवरून बांधता येतो.

एकाच जातीच्या सायडरपासून सुरुवात करावी, असा माझा आग्रह आहे. त्यासाठी डॅबिनेट हे सॉमरसेटचे तुरट-गोड सफरचंद सर्वांत सोयीचे. त्याचा तुरटपणा मऊ असतो, आंबटपणा जवळजवळ नसतो, आणि घोट गिळल्यावर पिकलेल्या फळाचा भारदस्त स्वाद मागे राहतो. टाँटनजवळच्या शेपीज या जुन्या कुटुंबाची डॅबिनेट सहज मिळते आणि नवख्या माणसाला ती निःशंकपणे द्यावी. त्यानंतर किंग्स्टन ब्लॅककडे वळावे. हे सफरचंद लहान आणि गडद तांबडे असते, झाड पीक कमी देते आणि रोगाला लवकर बळी पडते, तरीही बागायतदारांनी ते सोडलेले नाही. गोडी, आम्ल आणि टॅनिन या तिन्ही गोष्टी एकाच फळात एवढ्या तोलाने क्वचितच येतात, त्यामुळे दुसऱ्या जातीच्या रसाची जोड न देताही त्याची सायडर पूर्ण लागते. तिचा पहिला घोट आंबट लागतो. क्षणभराने हिरड्यांवर तुरटपणा धरतो, आणि तो ओसरता ओसरता संत्र्याच्या सालीची आठवण करून देणारा किंचित कडसर सुगंध नाकात चढतो.

याच किंग्स्टन ब्लॅकची फेसाळ आवृत्ती किंग्सबरी एपिस्कोपी येथील बरो हिल या शेतावर होते. तिथे बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण्याची, म्हणजे शँपेनची रीत वापरतात. ही रीत सायडरसाठी उसनी आणलेली आहे असा समज असेल तर तो सोडून द्यावा. वाइनला फेस आणण्यासाठी साखर घालण्याच्या इंग्रजी प्रथेचा उल्लेख इंग्रज वैद्य ख्रिस्तोफर मेरेट यांनी १६६२ साली रॉयल सोसायटीपुढे केला होता, आणि त्याच काळात पश्चिम इंग्लंडमधील सायडरही दगडी कोळशाच्या भट्टीत घडवलेल्या जाड काचेच्या बाटल्यांत भरली जात होती. बरो हिलचा फेस बारीक आहे आणि बराच वेळ टिकतो. घरात काही मंगल प्रसंग असेल तर मी ही बाटली शँपेनच्या आधी निवडीन.

सुपरमार्केटच्या मांडणीवरून एकच बाटली उचलायची असेल तर हेन्री वेस्टन्स व्हिंटेज उचलावी. हेरफर्डशायरच्या मच मार्कल गावात हेन्री वेस्टन यांनी १८८० साली सुरू केलेला हा कारखाना आहे. ही सायडर एकाच हंगामाच्या सफरचंदांपासून करतात आणि ओकच्या प्रचंड पिंपांत मुरवतात. लाकडाचा वास आणि जून फळाचा गोडवा दोन्ही तिच्यात स्पष्ट आहेत, आणि तीन पौंडांच्या आसपास एवढे मिळत असेल तर तक्रारीला जागा राहत नाही. सावध राहायचे ते तिच्या जोराबाबत. ८.२ टक्क्यांच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत मद्यार्काची चार युनिटे भरतात (एक युनिट म्हणजे १० मिलिलिटर शुद्ध मद्यार्क), आणि ब्रिटिश आरोग्यखात्याने सांगितलेली मर्यादा आठवड्याला चौदा युनिटांची आहे. ही बाटली दोघांत वाटून घ्यावी. याच कारखान्याची ओल्ड रोझी ही गढूळ, न गाळलेली सायडर पबमध्ये पुष्कळ चालते. ती रांगडी आणि सरळ आहे, मात्र तिच्यात फार खोल काही शोधू नये.

सॉमरसेटमधील सँडफर्डच्या थॅचर्सची केटी वेगळ्या कारणासाठी चाखून पाहावी. केटी हे खाण्याचे सफरचंद आहे, त्यात टॅनिन नाममात्र, म्हणून ७.४ टक्के असूनही ही सायडर हलकी आणि फुलासारख्या वासाची लागते. सफोकमधील अॅस्पॉल या घराण्याचा इतिहास १७२८ पर्यंत मागे जातो. तिथली सायडरही याच वळणाची आहे, कारण इंग्लंडच्या पूर्व भागात सायडरसाठी खाण्याची आणि स्वयंपाकाची सफरचंदे वापरण्याची परंपरा आहे. पश्चिमेची तुरट सायडर आणि पूर्वेची स्वच्छ, आंबटसर सायडर एकाच संध्याकाळी शेजारीशेजारी ठेवून चाखली, तर टॅनिन म्हणजे काय ते पुस्तक न वाचताही कळते. फळांचे अर्क आणि रंग घातलेल्या स्ट्रॉबेरी किंवा लिंबाच्या स्वादाच्या सायडरींबद्दल मला काही सांगायचे नाही. त्यांत सफरचंदाची चव शोधून सापडत नाही.

आता पेरीविषयी, आणि इथे थोडे थांबावेसे वाटते. पेअरच्या रसापासून केलेल्या या पेयाला मी इंग्लंडच्या सर्व पेयांत वरचे स्थान देतो. हेरफर्डशायर, ग्लॉस्टरशायर आणि वूस्टरशायर हे तिचे माहेर. तिची झाडे शंभर शंभर वर्षे फळ देतात, काही तर तीनशे वर्षांचीही सांगितली जातात, आणि फळ एवढे तुरट असते की डुकरेसुद्धा ते खात नाहीत अशी तिकडची जुनी म्हण आहे. ब्लेकनी रेड, थॉर्न, मूरक्रॉफ्ट, बार्लंड ही जातींची नावे बाटलीवर दिसली की थांबून वाचावीत. पेअरमध्ये सॉर्बिटॉल नावाची एक साखरेसारखी वस्तू असते आणि यीस्टला ती पचत नाही. त्यामुळे रसातील सारी साखर संपल्यावरही पेरीत एक सौम्य गोडवा शिल्लक राहतो, आणि तो वरून घातलेल्या साखरेच्या गोडव्याहून अगदी निराळा लागतो. ओकल पिचर्ड येथील टॉम ऑलिव्हर हे या कलेतले आघाडीचे नाव आहे. सायडर करण्याबरोबरच ‘द प्रोक्लेमर्स’ या स्कॉटिश गायकद्वयासाठी त्यांनी वर्षानुवर्षे ध्वनियोजनेचे कामही केले आहे. त्यांची पेरी एका खेपेची दुसरीसारखी लागेलच असे नाही, कारण ते बाहेरून यीस्ट न घालता फळावरच्या आणि तळघरातल्या रानटी यीस्टवर विसंबतात. एका वर्षीची बाटली लिंबाच्या पानासारखी ताजी लागते, तर दुसऱ्या वर्षीच्या बाटलीला मधाचा आणि ओल्या गवताचा वास येतो. ठरावीक चवीची हमी हवी असणाऱ्या ग्राहकाला हे रुचणार नाही. माझ्या दृष्टीने मात्र ७५० मिलिलिटरच्या अशा बाटलीसाठी दहा-पंधरा पौंड मोजण्याचे कारण तेच आहे.

ज्यांना गोड हवे पण साखर घातलेले नको, त्यांनी फ्रान्समधील नॉर्मंडीकडे पाहावे. तिथे सफरचंदे दळल्यावर लगदा काही तास तसाच ठेवतात आणि मग रस काढतात. थोड्या दिवसांनी रसातील पेक्टिन या चिकट घटकाचा तपकिरी थर वर तरंगून येतो आणि यीस्टला लागणारी बरीच पोषकद्रव्ये स्वतःबरोबर अडकवून ठेवतो. त्याच्या खालचा नितळ रस दुसऱ्या पिंपात काढून घेतात. यीस्ट अर्धपोटी राहिल्यामुळे आंबणे अतिशय संथ होते, आणि फळाची बरीच साखर न संपताच ते थांबते. म्हणून ‘दू’ (गोड) असे लिहिलेल्या बाटलीत मद्यार्क तीन टक्क्यांपर्यंतच असतो, ‘ब्र्यूत’ अधिक कोरडी असते, आणि ‘देमी-सेक’ या दोन्हींच्या मधली. पेई दोज या भागाच्या सायडरला १९९६ पासून फ्रान्सचे भौगोलिक संरक्षण आहे, आणि हे नाव बाटलीवर असेल तर मी दर्जाबाबत निश्चिंत असतो. शेजारच्या ब्रिटनीत कुट्टूच्या पिठाच्या धिरड्यांबरोबर सायडर रुंद मातीच्या वाडग्यातून पितात. आमच्या घरी देमी-सेक भाजणीच्या थालीपिठाबरोबर उघडली जाते. खरपूस धान्य, लोणी आणि या सायडरची पिकल्या सफरचंदाची गोडी यांचे उत्तम जमते.

आस्तुरियास हा सर्वांत वेगळा प्रांत आहे. उत्तर स्पेनमधील ओव्हिएदो शहरातील गास्कोना रस्त्यावर दोन्ही बाजूंना सायडरची उपाहारगृहे आहेत, आणि तिथे ती मागवली तर वाढप्याने ओतल्याखेरीज ती प्यायची नसते. तो बाटली डोक्यावर हात पूर्ण ताणून धरतो आणि रुंद, पातळ काचेचा ग्लास दुसऱ्या हातात मांडीजवळ तिरपा ठेवतो. नजर सरळ समोर ठेवून तो धार सोडतो. ती धार ग्लासाच्या आतल्या कडेवर फुटते, हवा मिसळते आणि क्षणभर पांढरा फेस उठतो. ग्लासात जेमतेम दोन-तीन बोटे सायडर येते, आणि फेस बसण्याआधी ती एका दमात प्यावी लागते. शेवटचा घोटभर भाग जिथे ओठ लावला त्याच कडेवरून खाली ओतून टाकतात, कारण पूर्वी एकच ग्लास सर्वांमध्ये फिरत असे आणि कड धुऊन निघणे आवश्यक होते. ही सायडर मुळात फेसरहित, कडक कोरडी आणि आंबट असते. न हलवता शांतपणे ग्लासात भरली तर ती बोथट आणि काहीशी व्हिनेगरकडे झुकलेली लागते, आणि उंचावरून ओतली की तीच फुलून येते. म्हणून घरी निदान बाटली खांद्यापर्यंत उचलून, न्हाणीघरात किंवा अंगणात, धार धरून ओतावी. आस्तुरियासच्या या सायडर-संस्कृतीचा युनेस्कोने २०२४ साली अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला, तो मला पूर्णपणे योग्य वाटतो.

मराठी जेवणाबरोबर यांतले काय चालते, हे मी मुद्दाम पारखले आहे. टॅनिन आणि तिखट यांचे पटत नाही. किंग्स्टन ब्लॅक कोल्हापुरी रश्श्याबरोबर घेतली तर तिखटाची आग वाढते आणि सायडरची चव कडवट होते. तळलेला बांगडा, सुरमई किंवा कोळंबी यांच्याबरोबर आस्तुरियासची आंबट सायडर लिंबाचे काम करते आणि तेलकटपणा कापते. कोथिंबीर वडी आणि अळूवडी यांना कोरडी पेरी शोभते. व्हिंटेजसारखी जोरकस सायडर जेवणानंतर, जुन्या चेडर चीजच्या तुकड्याबरोबर घ्यावी. चेडर हे सॉमरसेटमधलेच गाव असल्याने ही जोडी तिथे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे.

साठवण आणि तापमान यांबाबत एवढेच: बर्फ नको, आणि फ्रीजमधून काढल्यावर पंधरा-वीस मिनिटे बाटली बाहेर ठेवावी. दहा-बारा अंशांना सुगंध उघडतो. तळाशी गाळ असलेली बाटली उभी ठेवावी आणि सावकाश ओतावी. गाळ बिघाडाचे लक्षण नाही, पण तो ढवळला गेला की पेरीचा नाजूक वास दबतो. ऑनलाइन मागवताना बाटलीवर पूर्ण रसाचा उल्लेख आहे का, सफरचंदाची जात आणि हंगामाचे वर्ष दिले आहे का, हे तपासावे. एका दुकानाने मला जातीच्या नावाची बाटली म्हणून पाठवलेल्या सायडरच्या मागच्या लेबलावर बारीक अक्षरांत आटवलेला रस आणि गोडी आणणारे रसायन यांची नोंद होती. तेव्हापासून मागच्या लेबलाचे छायाचित्र दाखवत नसलेल्या दुकानातून मी खरेदी करत नाही. पहिली मागणी नोंदवणाऱ्याने डॅबिनेटची एक, एखाद्या छोट्या शेतावरच्या पेरीची एक आणि नॉर्मंडीच्या देमी-सेकची एक, अशा तीन बाटल्या मागवाव्यात आणि याच क्रमाने उघडाव्यात.