बाल न्याय मंडळ ते गृहचौकशी : गावाकडून पाहिलं तर ही सेवा कशी आहे?

पोरगं पोलिसांनी उचललं की घरच्यांना सेवा निवडायला वाव नसतो. बाल न्याय मंडळ, म्हणजे मुलांवरच्या गुन्ह्यांची प्रकरणं ऐकणारं न्यायपीठ, जिल्ह्याच्या गावी; प्रकरण चालू असताना मुलाला ठेवायचं रिमांड होमही तिथेच किंवा शेजारच्या जिल्ह्यात. तरी रेशन दुकानाची किंवा एसटीची पारख होते तशी हिचीही व्हायला हवी. कायद्याने काय देऊ केलंय आणि वऱ्हाड-झाडीपट्टीतल्या गावापर्यंत त्यातलं काय पोचतं, यात बरंच अंतर आहे.

सुरुवात ठाण्यापासून. बाल न्याय अधिनियम, 2015 प्रमाणे 18 वर्षांखालच्या मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत त्याला मंडळापुढे न्यावं लागतं. सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे 200 किलोमीटर, त्यामुळे तिकडच्या मुलाचा एक दिवस रस्त्यातच जातो. विहिरीवरच्या मोटारीची केबल, वावरातला कापूस अशा साध्या चोरीत एफआयआर लागत नाही. स्टेशन डायरीत नोंद आणि सोबत सामाजिक पार्श्वभूमी अहवाल, एवढंच पुरे. मात्र सोबत कुणी प्रौढ आरोपी असेल तर एफआयआर होतो. हा नियम माहीत असलेला बाल कल्याण पोलीस अधिकारी भेटला तर काम सुरळीत होतं. तो बदलून गेला की नव्याला पुन्हा पहिल्यापासून सांगा.

वयाच्या पुराव्यात लोक हमखास अडकतात. आधार कार्ड इथे चालत नाही. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने 1 जून लिहिलेली मुलं गावोगाव आहेत, पण ती तारीखही सहसा ग्राह्य धरली जाते. कामावर घ्यावं म्हणून आधारवर वय वाढवून घेतलेला मुलगा मोठ्यांच्या तुरुंगात गेला असेल, तर शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा लगेच काढा. घटनेच्या दिवशी तो अल्पवयीन होता, हा दावा खटल्याच्या कुठल्याही टप्प्यावर करता येतो, अगदी निकालानंतरही.

जामिनाची तरतूद या कायद्यातली सगळ्यात उदार. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला सोडायचंच. अपवाद तीनच: सुटल्यावर सराईताच्या संगतीत जाण्याची शक्यता, त्याच्या जिवाला, मनाला वा नीतीला धोका, किंवा न्यायाचा हेतू फसण्याची भीती. नाकारायचा तर कारणं लिहावी लागतात. सात दिवसांत अट पाळता आली नाही तर मुलाला पुन्हा मंडळापुढे आणून ती अट बदलता येते. तरी भूमिहीन मजुराला जामीनदाराचा सातबारा आणायला धाडण्याचा प्रकार घडतोच. अशा वेळी विधी सेवा प्राधिकरणाच्या मोफत वकिलाकडून एवढंच म्हणवून घ्यावं की मुलाला परिविक्षा अधिकाऱ्याच्या (प्रोबेशन ऑफिसरच्या) देखरेखीखाली सोडा. कायद्यात ती वाट आहे.

सगळी सेवा उभी असते ती गृहचौकशीवर, म्हणजे मुलाच्या घरी-गावात जाऊन केलेल्या चौकशीवर. परिविक्षा अधिकाऱ्याने दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो, आणि जामीन, समुपदेशन, शाळा, शेवटचा आदेश हे सगळं त्या कागदावर ठरतं. वाईट अहवाल पहिल्या तीन ओळींतच ओळखू येतो: 'घरची परिस्थिती हलाखीची. वडील व्यसनी. मुलास वाईट संगत.' हे कुठल्याही घराला चिकटवता येईल. चांगल्या अहवालात केबल जाळून तांबं कुठल्या नाल्यात काढलं, ते किलोवर कुणी घेतलं, हे असतं. भंगारवाला मोकळा राहिला तर पोरगं त्याच गिऱ्हाइकाकडे परत जाणार, मग समुपदेशन कितीही करा. मावशीचं गाव किती लांब, मामाच्या गॅरेजवर हाताखाली घेतील का, मुख्याध्यापक परत वर्गात बसवतील का, हेही त्यात हवं.

असा अहवाल क्वचित होतो याचं मुख्य कारण आळस नाही. एका अधिकाऱ्याकडे कितीतरी तालुके, गाडी नाही, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी गाव रिकामं. जानेवारीनंतर चंद्रपूर-गडचिरोलीकडचे मजूर तेलंगणात मिरची तोडायला गेलेले असतात. दाराला कुलूप दिसलं की कागदावर येतं, 'पालक आढळून आले नाहीत', आणि तेच वाक्य जामिनाच्या आड येतं. म्हणून बाहेरगावी जाण्यापूर्वी मुकादमाचा आणि स्वतःचा नंबर पोलीस पाटलाकडे, अंगणवाडी सेविकेकडे आणि मंडळाच्या कार्यालयात लेखी देऊन ठेवावा.

रिमांड होमबद्दल थोडक्यात: जेवण आणि वेळापत्रक बहुधा ठीक, शिकवणं नावापुरतं. खर्रा खाणारा मुलगा पहिले काही दिवस चिडचिडा, अस्वस्थ, झोप नसलेला असतो. तंबाखू सुटल्याची ती लक्षणं, पण नोंद होते 'उद्धट' म्हणून. आत घेतानाच व्यसनाची विचारपूस केली तर निम्मी भांडणं टळतील.

दारूबंदीच्या जिल्ह्यांत, म्हणजे वर्धा आणि गडचिरोलीत, दुचाकीवर पेट्या पोचवायला मुद्दाम 15-16 वर्षांची पोरं धरतात. 'तू लहान आहेस, सुटशील' असं सांगून. यात मुलाला वापरणाऱ्यावर बाल न्याय अधिनियमाचं कलम 78 लागतं, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. ते लावून घेण्याचा आग्रह मंडळापुढे धरायला हवा. नाही तर मालक घरी आणि पोरगं तारखेवर.

सर्वांत गुंतागुंतीची प्रकरणं पळून गेलेल्या जोडप्यांची. मुलगी 16 ची, मुलगा 17 चा, मुलीच्या बापाची तक्रार. पॉक्सोत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात, 2019 नंतर अशा गुन्ह्याला किमान 10 वर्षं शिक्षा आहे, आणि किमान सात वर्षं शिक्षेचा गुन्हा 'निर्घृण' ठरतो. मुलगा 16 च्या वर असेल तर प्राथमिक मूल्यांकन, म्हणजे त्याची क्षमता आणि परिणामांची समज यांची तपासणी, होतं आणि मोठ्यांसारखा खटला चालू शकतो. मंडळावर मानसशास्त्र वा बालमानसोपचार शिकलेलं कुणी नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटलंय. वकिलाने हे पहिल्याच तारखेला मागावं. मूल्यांकनाला तीनच महिने असतात.

सुटल्यानंतरचं काम मात्र जवळजवळ गावावरच पडतं. शाळा नाही म्हणाली तर 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते, त्यासाठी पाचवी उत्तीर्णचा दाखला जपून ठेवा. 18 पूर्ण होऊन संस्थेतून बाहेर पडणाऱ्याला 21 वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची, मदत मिळू शकते. ती मागितल्याशिवाय येत नाही, अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे करायचा. आणि पुढे नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी आली, तर निकाली निघालेल्या प्रकरणाची नोंद पोलिसांना त्या दाखल्यात दाखवता येत नाही. बाल न्याय अधिनियमाचं कलम 74 अर्जात लिहूनच द्या, कारण टेबलावरच्या माणसाला ते ठाऊक असेलच असं नाही.