दक्षिण अमेरिकेतील माशांच्या संग्रहालयीन नोंदी: जीबीआयएफ, स्पीशीजलिंक की कॅटलॉग ऑफ फिशेस?

उजनीच्या जलाशयात जाळ्यात येणारा सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला आहे. त्याची जात कोणती आणि ती मुळात कोणत्या नद्यांत राहते, हे ठरवताना तिकडून गोळा करून संग्रहालयांत जतन केलेल्या नमुन्यांच्या नोंदी पाहाव्याच लागतात. या नोंदी शोधण्याची तीन प्रमुख ठिकाणे आहेत आणि तिन्हींचे काम वेगवेगळे आहे.

कोपनहेगनला सचिवालय असलेले जीबीआयएफ, म्हणजे जगभरच्या जैवविविधतेच्या नोंदींचे खुले ऑनलाइन भांडार, सर्वांत विस्तृत आहे. हार्वर्डपासून साओ पाउलोपर्यंतच्या संग्रहांतील नोंदी तेथे एकत्र मिळतात आणि उतरवून घेतलेल्या माहितीला शोधनिबंधात देता येईल असा डीओआय, म्हणजे कायमचा ओळखक्रमांकही मिळतो. मात्र नुसते नाव टाकून शोधल्यास हौशी निरीक्षकांची छायाचित्रे आणि फ्लोरिडासारख्या ठिकाणी बाहेरून आलेल्या माशांच्या नोंदीही मूळ प्रदेशातील नोंदींत मिसळून येतात. म्हणून ‘जतन केलेला नमुना’ आणि देश या दोन्ही चाळण्या आधी लावाव्यात. शिवाय मत्स्यसंग्रहात एका क्रमांकाखाली पुष्कळदा एकाच बरणीतले अनेक मासे असतात, त्यामुळे नोंदींच्या संख्येवरून माशांची संख्या काढणे चुकीचे ठरते.

स्पीशीजलिंक या ऑनलाइन नोंदसंग्रहाचा भर प्रामुख्याने ब्राझीलमधील संग्रहांवर आहे. अॅमेझॉनपुरता प्रश्न असेल, तर मी सुरुवात येथूनच करेन. नोंदींतील स्थळवर्णने बहुतेक पोर्तुगीजमध्ये असतात, पण ‘इगारापे’ म्हणजे रानातला लहान ओढा, एवढे शब्द थोड्या सरावाने कळू लागतात.

कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या कॅटलॉग ऑफ फिशेस या माशांच्या नावांच्या सूचीत नकाशावरचे प्रसाराचे ठिपके नाहीत. जातीचे मूळ वर्णन, आज मान्य असलेले नाव आणि ज्यावरून वर्णन झाले तो नमुना कोणत्या संग्रहालयात आहे, हे तेथे पाहायचे असते. सकर माशांच्या बाबतीत हे टाळताच येत नाही. टेरिगोप्लिक्थिस डिस्जंक्टिव्हस या सकर माशाच्या जातीचे वर्णन वेबर यांनी 1991 मध्ये लिपोसार्कस या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) केले होते, आणि नमुन्यांच्या जुन्या चिठ्ठ्यांवर आजही तेच नाव सापडते. मत्स्यशास्त्रज्ञ आयगेनमान यांनी 1908 मध्ये ब्रिटिश गयानातून (आजच्या गयानातून) आणलेले मासे तर कार्नेगी संग्रहालयातून पुढे शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये गेले, त्यामुळे जुन्या ग्रंथातला क्रमांक आजच्या यादीत थेट सापडेलच असे नाही.

एवढे करूनही ओळख चुकलेली असू शकते, कारण पोटावरचे ठिपके सुटे की एकमेकांत मिसळलेले, यावर टेरिगोप्लिक्थिसच्या पार्डालिस आणि डिस्जंक्टिव्हस या दोन जाती वेगळ्या केल्या जातात आणि मधल्या नक्षीचे मासेही आढळतात. अशा वेळी संग्रहालयाच्या अभिरक्षकांना क्रमांक कळवून नमुन्याच्या पोटाचे छायाचित्र मागवावे.