पिकअपची क्राउन-पिनियन बदलून वर्ष होत आलं : अ‍ॅव्हरेजचा खरा हिशेब

सांगली-पुणे भाडं मारणाऱ्यांनो, क्राउन-पिनियन म्हणजे मागच्या चाकांना फिरवणारी दातेरी गिअरची जोडी, ती बदलली की डिझेलमध्ये फरक पडतो. पण गॅरेजमध्ये सांगतात तेवढा नाही.

माझी पाच गिअरची डिझेल पिकअप. आधी 9/41ची जोडी होती, म्हणजे पिनियनला 9 दात, क्राउनला 41. आता 10/41 आहे. रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्सकडून येणाऱ्या शाफ्टचे फेरे, 4.56 वरून 4.1 वर आला. पेठ नाक्याला हायवे धरला की टॉप गिअरमध्ये ऐंशीच्या वेगाला इंजिन पूर्वी अंदाजे 2,350 आरपीएमवर (मिनिटाला फेरे) ओरडायचं, आता 2,100च्या आसपास असतं. कराड-सातारा पट्ट्यात शेजारच्याशी नीट बोलता येतं. मला विचाराल तर अर्धे पैसे तिथेच वसूल.

आता अ‍ॅव्हरेज. आधी 13 मिळायचं. बदलल्यावर टाकी फुल करून हिशेब केला, तर 12.3! मेस्त्रीला शिव्या घालायच्या आधी मीटर बघा. माझ्या गाडीत मीटरची केबल गिअरबॉक्सला आहे, त्यामुळे मागचा रेशो बदललेला त्याला कळतच नाही. मीटरचे 9,000 किलोमीटर म्हणजे रस्त्यावरचे 10,000. त्या हिशेबाने 12.3चे झाले 13.7. काट्याचंही तेच, तो 72 दाखवतो तेव्हा गाडी ऐंशीला असते. मोबाइलच्या जीपीएसशी एकदा ताडून घ्या, आणि ऑइल बदलायचं अंतरही त्यावरूनच धरा.

आरपीएम दहा टक्के उतरले, मग डिझेल पाचच टक्के का वाचलं? हवा कापायला ताकद तेवढीच लागते, वाचतं ते इंजिनच्या आतलं घर्षण. पेट्रोल गाडीला थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) जास्त उघडल्याचा वेगळा फायदा मिळतो, डिझेलला तो नाही. खरं तर ऐंशीऐवजी सत्तरने चाललं तर हवेचा विरोध जवळपास पावपट घटतो, आणि त्याला दमडी लागत नाही. पण द्राक्षं भरलेली असली की मालक दर तासाला फोन करतो, त्याला हे कोण समजावणार?

ओढ मात्र कमी झाली. पुण्याहून भरून येताना खंबाटकीला एक गिअर आधीच खाली घ्यावा लागतो, आणि चढावर गाडी उचलताना क्लच जास्त खातो. उसाच्या फडात किंवा गावातल्या गावात फिरणाऱ्याने या भानगडीत पडू नये.

क्राउन आणि पिनियन जोडीनेच घ्या, एक जुनं एक नवं चालत नाही. शिम (पातळ चकत्या) लावून बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, बसवणारा, दातांना रंग लावून घासणी बघणारा मेस्त्री शोधा. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर मागून हुंकार आला तर सेटिंग चुकलंय, लगेच परत खोलायला लावा. आणि जुनी जोडी भंगारात देऊ नका. गाडी विकताना गिऱ्हाईक घाटातलं निघालं तर तो तीच मागेल.