4,213 थोटकं आणि पुस्तकात छापलेलं तिकीट: पामुक यांचं इस्तंबूलमधलं संग्रहालय

ओरहान पामुक यांची 'द म्यूझियम ऑफ इनोसन्स' ही कादंबरी अर्ध्यावर सोडलेले वाचक पुष्कळ आहेत. सुरुवात झपाट्याने होते, शेवटही धरून ठेवतो, पण मधली दोन-अडीचशे पानं हलता हलत नाहीत. इस्तंबूलमधलं त्याच नावाचं संग्रहालय खरं तर याच वाचकांसाठी आहे, असं माझं ठाम मत आहे. तुर्की नाव 'मासुमियेत म्युझेसी'. आपला 'मासूम' आणि त्यांचा 'मासुम' एकाच अरबी शब्दातून आलेले.

आधी थोडी पार्श्वभूमी. पामुक यांचा जन्म 1952चा, इस्तंबूलच्या निशानताशी या सुखवस्तू भागातला. बाविसाव्या वर्षापर्यंत त्यांना चित्रकार व्हायचं होतं. वास्तुशास्त्राचं शिक्षण अर्धवट सोडून ते लिहायला बसले. 2006 साली त्यांना नोबेल मिळालं. ही कादंबरी तुर्कीत 2008 साली आली आणि मॉरीन फ्रीली यांचा इंग्रजी अनुवाद 2009 साली. संग्रहालय उघडलं एप्रिल 2012 मध्ये, पण कादंबरी आणि संग्रहालय या दोन्ही गोष्टी त्यांच्या डोक्यात नव्वदच्या दशकापासून जोडीनेच होत्या. 1897 सालचं हे जुनं घर त्यांनी कादंबरी छापून येण्याच्या कितीतरी आधी विकत घेतलं. कथेतल्या वस्तू जुन्या बाजारातून आधी गोळा करायच्या, टेबलावर समोर ठेवायच्या आणि मग त्यांच्यावर लिहायचं, असा तो उलटा क्रम होता. 2014 साली संग्रहालयाला युरोपातलं वर्षातलं सर्वोत्तम संग्रहालय म्हणून पुरस्कार मिळाला.

जायचं कसं? इस्तिकलाल रस्त्यावर गलातासराय शाळेपाशी उतारावरचा येनी चारशी रस्ता धरायचा. तो खाली जाताना चुकुरजुमाची गल्ली फुटते आणि कोपऱ्यावर गडद लाल रंगाचं अरुंद घर दिसतं. तोपहाने ट्रामथांब्याकडूनही येता येतं, पण मग सगळा चढ लागतो. सोमवारी बंद असतं. तिकिटाचे दर बदलत राहतात, निघण्यापूर्वी एकदा बघून घ्या.

तिकीट मात्र तुमच्या पिशवीत आधीच असू शकतं. कादंबरीच्या शेवटच्या, 83व्या प्रकरणात एक तिकीट छापलेलं आहे. ते पान खिडकीवर दाखवलं की त्यावर शिक्का मारतात आणि प्रवेश फुकट मिळतो. शिक्का कागदावरच उमटतो, म्हणून छापील प्रत न्या. एका प्रतीवर एकालाच एकदा सोडतात.

आत शिरल्याशिरल्या एक अख्खी भिंत समोर येते. तिच्यावर सिगारेटची 4,213 थोटकं टाचणीने टोचून ओळीने लावलेली आहेत आणि प्रत्येकाखाली पामुक यांच्या हाताने लिहिलेली बारीक तुर्की ओळ आहे. लांबून ही भिंत मळक्या ठिपक्यांच्या कापडासारखी दिसते. नाक भिंतीपाशी नेलं की फरक कळू लागतात. एक थोटूक रागाने चुरगळून मोडलेलं, एक अर्धवटच ओढलेलं, एकाच्या टोकाला लिपस्टिकचा लाल डाग. कादंबरीत केमाल हा श्रीमंत घरचा मुलगा, त्याचं जिच्यावर प्रेम आहे त्या फ्युसुनच्या घरी 409 आठवड्यांत 1,593 वेळा जेवायला जातो आणि तिने विझवलेली थोटकं गुपचूप खिशात घालतो. वाचताना तोचतोपणा वाटणारी ती जेवणं इथे एकेका थोटकाला लटकलेली दिसतात. ज्या पानांना आपण कंटाळलो, त्यातली प्रत्येक संध्याकाळ त्या माणसाने वेगळी मोजली होती, हे त्या भिंतीपुढे पाच मिनिटं उभं राहिलं की पटतं.

वरच्या मजल्यांवर लाकडी चौकटीच्या काचपेट्या आहेत, प्रत्येक प्रकरणाची एक. कानातलं, सोड्याच्या बाटल्या, चिनी मातीचे कुत्रे, किल्ल्या, जुने फोटो. चित्रकार व्हायचं राहून गेलेल्या माणसाचा हात इथे लख्ख दिसतो, कारण प्रत्येक पेटी चित्रासारखी रचलेली आहे. 26 क्रमांकाच्या पेटीपाशी जरा थांबा: वेदनाशामक गोळीच्या जाहिरातीतल्या शरीराच्या आकृतीवर प्रेमाचं दुखणं कुठे सुरू होतं आणि कुठवर पसरतं ते दाखवलंय.

आता तक्रार. पेट्यांमध्ये समजावून सांगणारा मजकूर जवळजवळ नाहीच. कादंबरी न वाचता आलेला माणूस वीस मिनिटांत सगळं बघून, चिडून बाहेर पडतो, आणि त्यात त्याची चूक नाही. निदान ध्वनिमार्गदर्शक तरी घ्याच. त्यात पामुक स्वतः बोलतात आणि इंग्रजीही आहे. संपूर्ण कादंबरी वाचायला वेळ नसेल तर पहिली 26 प्रकरणं, मग 67 ते 69 आणि शेवटचं 83वं, एवढं वाचून जा. 69व्या प्रकरणात 'कधीकधी'ने सुरू होणारी वाक्यं एकामागून एक येत राहतात. थोटकांच्या भिंतीनंतर ते पुन्हा वाचावं. दोन तास हाताशी ठेवा. जिने अरुंद आहेत आणि प्रकाश मंद, तेव्हा गुडघे दुखणाऱ्यांनी बेताने चढावं.

सर्वांत वर माळ्याची खोली आहे. केमालचा पलंग, लहान मुलाची तिचाकी आणि कादंबरीच्या हस्तलिखिताची पानं. खाडाखोड, समासातली चित्रं, बाणांनी इकडून तिकडे नेलेली वाक्यं, सगळं काचेमागे आहे. लिहिणाऱ्या माणसाने इथे घाई करू नये. तिथून कठड्याशी येऊन खाली पाहिलं की तळमजल्याच्या जमिनीवर काढलेलं मोठं सर्पिल वर्तुळ दिसतं. आत येताना त्याच्यावरूनच चालत आलेलो असतो, पण तेव्हा ते लक्षात येत नाही.

बाहेर पडल्यावर लगेच टॅक्सी करू नका. चुकुरजुमा ही जुन्यापुराण्या वस्तूंची पेठ आहे आणि पेट्यांमधलं बरंचसं सामान पामुक यांनी असल्याच दुकानांतून उचललेलं आहे.