दुकान पडवीत की नाक्यावर?

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड-शहापूरकडच्या गावात पहिल्यांदाच किराणा दुकान टाकायचं तर दोन वाटा असतात. घराची पडवी बंद करून फळ्या ठोकायच्या, नाहीतर नाक्यावर एसटीच्या थांब्याजवळ गाळा भाड्याने घ्यायचा. बहुतेक जण भाड्याकडे बघून ठरवतात. माझं म्हणणं, आधी उधारीकडे बघा.

भाड्याचं गणित सोपं आहे. महिना ४,००० रुपये भाडं आणि सरासरी १० टक्के नफा धरला, तर नुसत्या भाड्यासाठी ४०,००० रुपयांची विक्री हवी. तेल-साखरेवर तेवढंही सुटत नाही. ती कसर बिस्किटं, साबण, मसाल्याच्या पुड्यांतून भरावी लागते. पडवीत हा बोजा नाही. घरातलं कुणीही गल्ल्यावर बसतं, रात्री काडेपेटी मागायला आलेलं गिऱ्हाईक परत जात नाही.

पण पडवीत येणारे सगळे काका, मामी, वहिनी. “पुढच्या आठवड्यात देते” म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? त्यात इकडे पैसा हंगामाने येतो. भात झोडून विकलं की हात सैल होतो, लावणीच्या दिवसांत घरोघरी चणचण. वीटभट्टीवर जाणारी कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर गाव सोडतात ती पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे उधारी चढते पावसात, आणि पावसाळ्यासाठी भरलेल्या सुकट, बोंबील, प्लॅस्टिकच्या कागदांत तुमचे पैसे त्याआधीच अडकलेले असतात. नवं दुकान बुडतं ते इथे.

नाक्यावर अनोळखी गिऱ्हाईक जास्त, त्यामुळे रोखीचा व्यवहार. कल्याण-माळशेज रस्त्यावर पावसाळ्यात शनिवार-रविवारी पाण्याच्या बाटल्या, वेफर्स भरपूर खपतात. मात्र एसटीने मुरबाडला जाणारा माणूस महिन्याचा किराणा तिथूनच आणतो. नाक्यावरच्या दुकानाची खरी स्पर्धा तालुक्याच्या बाजाराशी असते. पडवीतलं दुकान पावशेर डाळ आणि पाच रुपयांच्या पुडीवर चालतं, त्याला ती झळ कमी लागते.

कागदपत्रं दोन्हीकडे सारखीच: ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी, इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी वैधमापन पडताळणी, म्हणजे वजनाची सरकारी तपासणी. फक्त माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. भांडवलासाठी मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं.

माल भरायला वाशीचं दाणाबंदर (धान्याचा घाऊक बाजार) आणि मसाला बाजार स्वस्त, पण टेम्पोचं भाडं पोत्यांवर पसरायला तेवढी विक्री लागते. आमच्याकडच्या पावसात गूळ पाझरतो, डाळीला किडे लागतात. पहिलं वर्ष मुरबाड किंवा कल्याणच्या घाऊक व्यापाऱ्याकडून थोडा थोडा माल आणलेला बरा.

घर वस्तीच्या मधोमध असेल आणि घरातलं एक तरी माणूस नात्यातल्यांना ठाम नाही म्हणू शकत असेल, तर मी डोळे झाकून पडवी सांगेन. तसं माणूसच नसेल तर नाका बरा, पण गाळा दिवाळीच्या आधी घ्या, जूनमध्ये नको. आणि पडवीत बसणार असाल तर उधारीची मर्यादा पहिल्याच दिवशी ठरवा, घरटी ५०० रुपये म्हणा. वही दोन ठेवा: एक तुमच्याकडे, एक गिऱ्हाइकाच्या घरी, आणि प्रत्येक नोंद दोन्हींत त्यांच्यासमोर करा.