सेल्फ नुसता खट्ट करतो? आधी मिरजोळ्याच्या काकांकडे जा

अनुभव गेल्या पावसाळ्यातला आहे, लिहायचं राहूनच गेलं होतं. पण परवा आमच्याच वाडीतल्या एकाने गाडी स्टार्ट होत नाही म्हणून परस्पर नवी बॅटरी घातली आणि तिसऱ्या दिवशी परत चार पोरं गाडीला धक्का मारतायत, तेव्हा म्हटलं आता लिहितेच.

आम्ही रत्नागिरीला लागून भाट्याला राहतो, समुद्र आणि आमच्यामधे फक्त सुरूचं बन. गाडी बाहेरच, गडग्याला लागून. पेट्रोलची जुनी छोटी गाडी आहे, अकरा वर्षांची. गणपतीच्या आधी दहाबारा दिवस, बाजार आणायला निघाले, चावी फिरवली तर खट्ट. एकच आवाज, पुढे काहीच नाही. परत फिरवली, परत खट्ट. शेजारच्या भाऊंनी त्यांची गाडी शेजारी लावून जंपर केबल जोडली, लालला लाल, काळ्याला काळी, सगळं नीट, तरी खट्टच. (हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणारे.) शेवटी उतारावरून ढकलून सेकंड गिअरवर क्लच सोडला तेव्हा चालू झाली.

मग शहरात एका बॅटरीवाल्याकडे गेले. त्याने बॉनेट उघडलं, बॅटरीवरची तारीख बघितली, म्हणाला तीन वर्षं झाली ताई, गेली ही. मीटरबिटर काही नाही. नवी बॅटरी, जुनी एक्सचेंजमधे देऊन 4,600 रुपये. गाडी फर्स्टक्लास चालू झाली, मी खूश. चौथ्या दिवशी खट्ट. दुसऱ्या एका गॅरेजवाल्याला घरी बोलावलं, त्याने खाली वाकून सेल्फवर, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या मोटरवर, पान्याने दोन टोले दिले आणि गाडी चालू! म्हणाला बघा, सेल्फच गेलाय, कार्बन संपले असणार, नवा टाकूया, साडेसहा हजार. आता टोला मारल्यावर चालू झाली म्हटल्यावर आपण काय बोलणार. मी जवळजवळ हो म्हटलं होतं, पण सासरे म्हणाले थांब, आधी मिरजोळ्याला दाखवून ये.

तर हे काका. मिरजोळे एमआयडीसीत आतल्या बाजूला, पत्र्याची शेड, बोर्डवर नुसतं ऑटो इलेक्ट्रिक वर्क्स लिहिलंय तेही अर्धं पुसलेलं. काम फक्त वायरिंग, सेल्फ, डायनामो (बॅटरी चार्ज करतो तो). इंजिन खोलत नाहीत, एसी करत नाहीत, स्कॅनर नाही. कॉम्प्युटरचं काही निघालं तर सरळ सांगतात दुसरीकडे न्या.

मी उतरल्या उतरल्या सुरू केलं, बॅटरी बदलली, सेल्फ गेलाय म्हणतात… तर म्हणाले, "ताई, तो काय म्हणाला ते नको. तुम्ही चावी फिरवल्यावर काय होतं तेवढं सांगा. इंजिन फिरतं आणि पकडत नाही, की फिरतच नाही?" फिरतच नाही म्हटलं. "बरं. मग पेट्रोल, प्लग, पंप सगळं विसरा." माझं अर्धं टेन्शन तिथेच गेलं, कारण तोवर मला एकाने पेट्रोल पंपावर पाणी मिसळतात असंसुद्धा सांगून झालं होतं.

पहिलं काम, हेडलाइट लावायला सांगितले आणि मग सेल्फ मारायला. लाइट जसेच्या तसे, जरापण डिम नाही. काका म्हणाले बॅटरी बसलेली असती तर लाइट मान टाकतात, सेल्फ आत जाम असेल तरी दबतात, कारण तो करंट ओढतो. इथे लाइटला पत्ताच नाही म्हणजे करंट सेल्फपर्यंत पोचतच नाहीये, नाहीतर परत येत नाहीये. मग व्होल्टेज मोजायचा मीटर काढला. बॅटरी बंद गाडीत 12.6 व्होल्ट, म्हणजे फुल. सेल्फ मारताना 12.2. चांगल्या गाडीत सेल्फ शेदीडशे अँपिअर ओढतो तेव्हा व्होल्टेज दहा-अकरापर्यंत खाली यायला हवं, साडेनऊच्या खाली गेलं तर बॅटरीवर संशय घ्यायचा. "तुमच्या बॅटरीकडे कोणी काही मागतच नाहीये," म्हणाले. मग विचारलं, जुनी बॅटरी कुठे आहे? म्हटलं दिली. एक मिनिट माझ्याकडे बघितलं आणि काही बोलले नाहीत. ते न बोलणंच जास्त लागलं.

पुढचं मला खरंच आवडलं. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर, मायनसच्या खुद्द शिशाच्या टोकावर हां, वायरच्या क्लॅम्पवर नाही, आणि दुसरी पिन थेट इंजिनच्या उघड्या लोखंडावर. म्हणाले, आता मारा सेल्फ. हा आकडा 0.2 च्या आत पाहिजे, जास्तीत जास्त अर्धा. आमचा साडेनऊ! म्हणजे बारातले साडेनऊ व्होल्ट परतीच्या वाटेवरच मुरतायत, सेल्फच्या वाट्याला चिल्लर. अर्थिंग, म्हणजे ही परतीची वाटच, गेलंय. बॅटरीच्या मायनसवरून एक वायर बॉडीला जाते आणि बॉडीवरून एक वेणी घातलेली पट्टी इंजिनला, कारण इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्याला बॉडीचा थेट स्पर्श नसतो. ती पट्टी खाल्लेली.

आणि तरी पट्टी खोलली नाही त्यांनी लगेच. जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या हुकला लावलं, म्हणाले मारा. चावी फिरवते न फिरवते तोच चालू. तेव्हा मला भाऊंची जंपर का चालली नाही ते कळलं, त्यांनी काळी आमच्या बॅटरीच्या मायनसलाच लावली होती, म्हणजे करंट परत त्याच खराब पट्टीतून येणार. काळी इंजिनला लावली असती तर घरीच उलगडा झाला असता. आणि ते पान्याचे टोले? पट्टीचा बोल्ट सेल्फच्या बाजूलाच आहे, टोल्याने ती हलली आणि तेवढ्यापुरती टेकली. बॅटरीवाल्याकडेही तेच, ढकलाढकलीत, काढघालीत काहीतरी हललं असणार.

पट्टी काढली तर वरून ठीक दिसत होती, पण बोल्टखालच्या टोकाला हिरवी-पांढरी पूड, तारा बोटाने तुटत होत्या. खाऱ्या हवेने आमच्या खिडक्यांचे गज खाल्ले, ग्रिल खाल्लं, ही पट्टी काय चीज आहे. काका म्हणाले मिऱ्या, मांडवी, भाटे, किनाऱ्याकडच्या गाड्यांमधे हे नेहमीचंच. पॉलिश पेपरने दोन्ही जागा चकचकीत होईपर्यंत घासल्या, नवी पट्टी, बोल्ट आवळून मग वरून ग्रीस. आधी ग्रीस लावून मग आवळायचं नाही यावर मला छोटं लेक्चर. परत मीटर लावला, 0.1. चालू गाडीत चार्जिंग 14.2, म्हणजे डायनामो पण ठीक. पट्टीसकट 350 रुपये. मी मनात 4,600 अधिक साडेसहा हजार अशी बेरीज करत बसले होते.

अजून एक सांगितलं ते घाबरवणारं होतं. अर्थिंग खराब असताना सारखा सेल्फ मारत बसू नका, कारण तो करंट मग क्लचच्या नाहीतर अ‍ॅक्सिलेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि ती केबल तापून जळते. मी दिवसाला वीसवीस वेळा मारत होते.

माझं काम चालू असताना पुण्याचे पाहुणे आले धावत, गणपतीपुळ्याला निघालेले, पलीकडे टपरीवर वडापाव खायला थांबले आणि गाडी चालू होईना. बटनवाली गाडी, दाबलं की चावी सापडत नाही असा मेसेज. टोइंगला फोन करायच्या बेतात होते. काका हात पुसत गेले, चावीच बटनाला टेकवून धरली, क्लच दाबायला सांगितला, चालू. चावीतला सेल उतरलेला. म्हणाले घड्याळवाल्याकडे मिळेल, जाताना घ्या. पन्नास रुपये घेतले. पाहुणे जरा कुरकुरले पन्नासला, कमाल आहे.

आता नावडलेलं. फोन उचलत नाहीत, म्हणजे उचलतच नाहीत. एक ते साडेतीन शटर खाली, जेवण आणि वामकुक्षी, दारात गाडी घेऊन रडलात तरी. बसायला एक खुर्ची, तिच्यावर बहुधा कोणाचा तरी डायनामो असतो. पावसात पत्र्याखाली काही ऐकू येत नाही आणि ते हळू बोलतात. मधेच प्रश्न विचारले तर "जरा गप्प राहा हो, आवाज ऐकू दे" असं तोंडावर, मी शिक्षिका आहे, मला जरा लागलंच. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, मागितलं तर वहीचा कागद. आणि दीड तास लागला, त्यात पाऊण तास माझ्या आधीच्या टेम्पोचा. घाई असेल त्याला वैताग येईल.

पाचपैकी साडेचार. अर्धा त्या खुर्चीचा कापला.

जाणार असाल तर सकाळी साडेनऊच्या आत जा, आणि ढकलून चालू केलेली असेल तर त्यांच्या शेडसमोर बंद करू नका, तिथे सपाट आहे, मागे रस्त्याला थोडा उतार आहे तिथे लावा. गणपतीत गौरी जाईपर्यंत बंद असतं, तेव्हा चाकरमान्यांनी आल्या दिवशीच दाखवून घ्या.